बेटमेन्शेन: तीन बदामांचं हे बिस्किट कुठलं घ्यावं, कुठलं नको

गेल्या नाताळात पुण्याहून आलेल्या माझ्या मैत्रिणीने परत जाताना घाईघाईत बेटमेन्शेनचा एक शोभिवंत डबा विकत घेतला. आठवड्याने तिचा फोन आला. "तू एवढं कौतुक करतेस, आणि हे तर साखरेचा गोळा निघालं गं. वरून कडक, आतून चिकट. घरात कोणी दुसरं उचललं नाही." मला फार वाईट वाटलं. मी नऊ वर्षं फ्रँकफर्टमध्ये नर्स म्हणून काम करते, आणि या शहरात येऊन मला जे जे खायला मिळालं त्यात बेटमेन्शेन सगळ्यात वर आहे. वाईट डबा हाती लागला म्हणून कोणी त्याला कायमची नावं ठेवू नयेत, यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

उच्चार बेट-मेन्-शेन. बेटमान हे इथल्या जुन्या सावकारी घराण्याचं आडनाव, त्यांची पेढी १७४८ पासूनची. नावाला 'शेन' जोडलं की जर्मनमध्ये ती गोष्ट लहान आणि लाडकी होते, शिवाय नपुंसकलिंगी होते, आपल्या लेकरू-वासरू-पिल्लासारखी. म्हणजे हा 'छोटासा बेटमान'. सुपारीपेक्षा मोठा, पेढ्यापेक्षा लहान असा मार्झिपानचा, म्हणजे बदामाची पूड आणि साखर एकत्र मळलेल्या मिठाईचा गोळा, तळाशी चपटा, वर जरासा निमुळता. त्याच्या तीन बाजूंना सोललेल्या बदामाची तीन अर्धुकं उभी दाबलेली, टोकं वर. वरून अंड्याच्या पिवळ्या बलकाचा हात, आणि मग भट्टीत. आत पिठीसाखर, थोडं पीठ किंवा बदामाची पूड, अंड्याचा पांढरा बलक आणि गुलाबपाणी. लोणी नाही, दूध नाही, वेलची-केशर काही नाही. त्यामुळे यात लपायला जागा नाही. बदाम वाईट असला तर पहिल्या घासाला कळतं.

तीनच बदाम का, याची एक कथा इथे प्रत्येक जण सांगतो. बेटमानांच्या घरी पॅरिसहून आलेला एक मिठाईवाला होता, त्याने १८३८ च्या सुमारास हे बिस्किट बनवलं आणि घरातल्या चार मुलांसाठी, मोरित्झ, कार्ल, अलेक्झांडर आणि हाइनरिखसाठी, चार बदाम लावले. १८४५ मध्ये हाइनरिख गेला, तेव्हापासून तीन. कथेत ज्या सिमोन मोरित्झ फॉन बेटमान यांच्यासाठी ते पहिल्यांदा केलं असं म्हणतात, ते तर १८२६ मध्येच वारले होते, त्यामुळे सगळं जुळत नाही. इथल्या फ्रँकफर्टर ब्रेंटेन नावाच्या, लाकडी साच्यात दाबून भाजायच्या मार्झिपानच्या वड्या याहून जुन्या आहेत, आणि बेटमेन्शेन त्यांच्याच पोटातून आलेलं वाटतं. तरी कथा मला आवडते. मी ती आईला फोनवर सांगितली तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बदाम काढायचा कशाला? गेलेलं लेकरूसुद्धा आपलंच असतं." आईची आम्ही चार मुलं. आज तिघं आहोत.

मी वसईची. नंदाखालच्या बाजूला आमचं घर, आणि नाताळ म्हणजे आमच्याकडे करंज्या, कलकल, केक आणि मार्झिपान. पण आमचं मार्झिपान काजूचं. बदाम महाग, काजू त्या मानाने परवडणारे. काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि गुलाबपाणी घालून आई कढईत परतत राहायची, गोळा कडा सोडेपर्यंत, मग गुलाबी-हिरवा रंग घालून रबरी साच्यांत. फुलं, मासे, पानं. साच्यातून अख्खी गुलाबकळी सुटून आली की मला कोण आनंद व्हायचा. हे सांगायचं कारण असं की मार्झिपानची चव माझ्या जिभेवर लहानपणापासून आहे, आणि इथे पहिल्यांदा बेटमेन्शेन खाल्लं तेव्हा दोन गोष्टींनी मी थबकले. एक, त्यात कडसर सुगंध होता. जर्मन मार्झिपानमध्ये गोड बदामांबरोबर थोडेसे कडू बदामही घालतात, आणि तो वास काजूला कधीच येणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ते भाजलेलं होतं. आपली काजूकतली, बदामाची वडी, आईचं मार्झिपान, सगळं कढईतच संपतं. इथे तयार गोळा पुन्हा आगीसमोर धरतात, म्हणून वर पापुद्र्याएवढं पातळ, खमंग कवच येतं आणि आतला गाभा मऊच राहतो. बेटमेन्शेनची सगळी गंमत या कवचात आणि गाभ्यात आहे. मैत्रिणीच्या डब्यात ही गंमतच नव्हती.

आता विकत घेण्याबद्दल. पाकिटाची मागची बाजू वाचायला शिका, एवढं केलं तरी अर्धं काम झालं. जर्मनीत 'मार्झिपान-रोमासे' म्हणजे कच्चं मार्झिपान, त्यात साखर जास्तीत जास्त ३५ टक्के असावी असा दंडक आहे. पण या रोमासेत तिच्याच वजनाइतकी आणखी साखर मिसळली तरी त्याला मार्झिपान म्हणता येतं. हिशेब करून बघा: १०० ग्रॅम रोमासेत ३५ ग्रॅम साखर, वर आणखी १०० ग्रॅम घातली, म्हणजे २०० ग्रॅममध्ये १३५ ग्रॅम साखर. दोन तृतीयांश! नाव तेच, खोक्यावर तेच सोनेरी चित्र. म्हणून घटकांच्या यादीत पहिला शब्द कुठला ते पाहायचं. जो पदार्थ सगळ्यात जास्त, तो पहिला लिहिलेला असतो. 'मांडेल्न' म्हणजे बदाम पहिले असतील तर घ्या. 'त्सुकर' पहिला असेल तर खोकं परत जागेवर ठेवा. आणि 'पेर्झिपान' हा शब्द दिसला तर ते बदामाचं नाहीच, जर्दाळू किंवा पीचच्या बियांतल्या गराचं आहे. वाईट म्हणत नाही, पण बदामाच्या भावाने घेऊ नका.

सुपरमार्केटमधली तीन निरनिराळी पाकिटं मी आणून पाहिली. एक बरं होतं, बदाम पहिले होते, पण तिन्हींना गुलाबपाण्याचा वाससुद्धा नव्हता, आणि कवच मऊ पडलेलं. पाकिटबंद झालं की आतला ओलावा कवचात येतो, त्याला कोणाचा इलाज नाही. चहाबरोबर खायला ठीक. भेट म्हणून नको.

नाताळच्या बाजारातल्या स्टॉलांबद्दल लिहिताना मला जड जातं, कारण तो बाजार मला मनापासून आवडतो. रोमरबर्गच्या चौकात, लाकडी घरांसमोर, ताडमाड उंच ख्रिसमस ट्रीखाली भरतो. १३९३ पासून त्याचे उल्लेख सापडतात. संध्याकाळच्या ड्यूटीला जायच्या आधी मी एक चक्कर मारतेच. पण बेटमेन्शेन तिथे घ्यायचं तर डोळे उघडे ठेवून. एका स्टॉलवर, नाव सांगत नाही, मी दोन वर्षांपूर्वी छोटी पिशवी घेतली. उघड्यावर, थंड वाऱ्यात दिवसभर मांडून ठेवलेलं ते, बदामाची अर्धुकं हात लावताच गळून पडली आणि आतला गाभा पार कोरडा, भगरा. किंमत मात्र दुकानाच्या वर. तेव्हापासून माझा नियम असा आहे की स्टॉलवर मागे बंद काचेत ठेवलेलं असेल आणि एक सुटं चाखायला देत असतील तरच घ्यायचं. चांगले विक्रेते आनंदाने देतात.

खरं बेटमेन्शेन मिळतं ते कोंडिटोराइमध्ये, म्हणजे केक-मिठाई स्वतः बनवणाऱ्या छोट्या दुकानात. मी बोर्नहाइममध्ये राहते. यू-फिअरने, म्हणजे चार नंबरच्या भुयारी गाडीने, डोम-रोमर स्टेशन चारच थांब्यांवर आहे, पण सुटीच्या दिवशी मी बर्गर श्ट्रासेने चालत उतरते. रस्ता संपतो तिथे बेटमान पार्क लागतो, त्याच घराण्याच्या नावाचा, आणि पुढे जुन्या गावातल्या गल्ल्या. अशाच एका गल्लीत माझं ठरलेलं दुकान आहे. चार टेबलं, काचेचं कपाट, मागून येणारा भाजलेल्या बदामाचा वास. नोव्हेंबरच्या शेवटी, पहिल्या अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या रविवारच्या सुमारास, ताटं पुढच्या रांगेत येतात.

तिथल्या बाई चिमट्याने एक-एक उचलून कागदी पिशवीत घालतात आणि वजन करतात. मागच्या डिसेंबरात १०० ग्रॅमला ५ युरो लागले, त्यात सहा-सात बसतात. महाग आहे, मी नाकारत नाही. पण दर वेळी त्या विचारतात, "आजच खाणार की कोणाला द्यायचंय?" द्यायचं असेल तर त्याच सकाळच्या ताटातलं देतात, आज खायचं असेल तर कालच्या ताटातलं. मला आधी हे उलटं वाटलं. मग त्यांनी समजावलं की भाजल्यावर एक दिवस मुरलं की गुलाबपाणी आणि बदाम एकमेकांत उतरतात, दुसऱ्या दिवशी ते सगळ्यात छान लागतं. मी दोन्ही घेऊन शेजारी शेजारी ठेवून खाऊन पाहिलं. खरंच. ताज्यात कवच जास्त कुरकुरीत, पण चव सुटी सुटी. दुसऱ्या दिवशी तीच चव एकजीव.

चांगलं कसं ओळखायचं? अर्धुकांची टोकं गडद तपकिरी हवीत, बुडखे फिकट. गोळ्याची पाठ चकचकीत पिवळसर, पण तळ काळा नको. दोन बोटांत धरून हलकेच दाबलं तर कवच किंचित तडकल्याचं जाणवायला हवं. दातांनी तोडल्यावर गाभा फिकट, ओलसर दिसावा आणि ओढला तर तंतू न येता सरळ तुटावा. चिवट ताण आला की साखर जास्त. जिभेवर आधी बदाम यायला हवा, मग तो कडसर वास, आणि गुलाब अगदी शेवटी, गिळून झाल्यावर. गुलाब आधी आला तर हात सैल सुटला आहे. या दुकानाचा गुलाब मला नेहमी थोडा कमी वाटतो, वसईच्या सवयीमुळे असेल. एकदा तळ करपलेले दोन-तीन निघाले होते. पुढच्या खेपेला मी सांगितलं तर बाईंनी काही न बोलता वर चार जास्त घातले. कार्ड चालत नाही, रोख न्या. शनिवारी दुपारनंतर ताट रिकामं असतं, तेव्हा सकाळीच जा.

या सगळ्याच्या वरचं बेटमेन्शेन मात्र विकत मिळत नाही. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, फ्रँकफर्टच्याच, ऐंशी ओलांडलेल्या. दर डिसेंबरात त्या मला एका शनिवारी खाली बोलावतात, कारण त्यांच्या बोटांना आता बदाम सोलणं होत नाही. २५० ग्रॅम रोमासेचे साधारण तीस गोळे होतात, म्हणजे नव्वद अर्धुकं, म्हणजे ४५ बदाम. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकले की साल चिमटीतून सुटतं, आपण नेहमी करतो तसंच. खरी परीक्षा पुढे आहे. ओले असतानाच सुरीचं टोक शिवणीत घालून उभे दुभंगायचे. कोरडे झाले की तुकडे होतात.

रोमासे त्या किसणीवर किसून घेतात. त्यात ८० ग्रॅम पिठीसाखर, ६० ग्रॅम बदामाची बारीक पूड, एका अंड्याचा पांढरा बलक, चहाचा एक चमचा गुलाबपाणी. गुलाबपाणी त्या औषधाच्या दुकानातूनच आणतात, त्यांची आईही तिथूनच आणायची म्हणून. मी एकदा कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानातली बाटली नेली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण हे तुझ्या आईसारख्या हाताचं, माझ्या नाही." तीव्र होतं, हे त्यांना इतक्या प्रेमाने सांगता आलं.

मळताना त्या माझ्या हातावर हात ठेवून थांबवतात. फार मळलं की बदामाचं तेल सुटतं आणि गोळा तुपकट होतो. काजूकतलीचा गोळा मळणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही. तासभर थंड ठेवून गोळे वळायचे, पिवळ्या बलकाचा ब्रश फिरवायचा, अर्धुकं तळापासून वर दाबत लावायची, म्हणजे भाजताना बाहेर कलंडत नाहीत. ओव्हन १६० अंशांवर. बारा मिनिटांनंतर आजी खुर्ची ओढून काचेसमोर बसतात आणि कोणाशी बोलत नाहीत. घड्याळाकडे बघत नाहीत, टोकांकडे बघतात. "आता," म्हणाल्या की मी ताट काढते. माझ्या स्वयंपाकघरात मी हेच सगळं याच मापाने करते, आणि दर वेळी एकतर मिनिटभर लवकर काढते किंवा उशिरा. गाभा ओला हवा, पण कच्चा नको, आणि त्यातलं अंतर दीड-दोन मिनिटांचं आहे.

वॉर्डमध्ये अॅडव्हेंटच्या दिवसांत प्रत्येक जण घरचा बिस्किटांचा डबा आणतो. दालचिनीच्या चांदण्या, व्हॅनिलाच्या चंद्रकोरी, जॅम भरलेल्या चकत्या. टेबलावर आठ डबे उघडे असले तरी आजींचा डबा पहिला रिकामा होतो. मी हे दर वर्षी बघते आणि त्यांना येऊन सांगते.

गावाकडे न्यायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. पत्र्याचा डबा घ्या, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर, आणि थर दोनच, नाहीतर खालच्यांची अर्धुकं दबून पडतात. हातसामानात ठेवा. वसईच्या डिसेंबरात बाहेर ठेवूनही दोन आठवडे उत्तम टिकतं. फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल धरतं आणि कवच जातं. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांना मात्र हे देऊ नका, आत पांढरा बलक आणि वर पिवळा, दोन्ही आहेत, आणि हे आधीच सांगायला हवं. त्यांच्यासाठी मार्झिपानकार्टोफेल्न बघा, म्हणजे 'मार्झिपानचे बटाटे', कोकोत घोळवलेल्या न भाजलेल्या गोळ्या. यादी मात्र वाचून घ्या. नुसतं मार्झिपानच हवं असेल तर उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहराचं. तिथल्या निडरएगर या घराण्याचं काम १८०६ पासून चालू आहे आणि त्यांची मार्झिपानची वडी इथे सगळीकडे मिळते. पण ते बिस्किट नव्हे. त्यात बदाम आहे, आगीचा खमंगपणा नाही.

२४ डिसेंबरला संध्याकाळी पाच वाजता शहराच्या मध्यभागातल्या दहा चर्चच्या पन्नास घंटा अर्धा तास एकत्र वाजतात. दुकानं दुपारीच बंद झालेली असतात, म्हणून मी पिशवी सकाळीच आणून ठेवते, कोटाच्या खिशात घालून नदीकाठी जाते आणि घंटा संपेपर्यंत दोन खाते. थंडीत कवच जास्तच कडक लागतं. चर्चमधल्या मिस्सेला जायच्या आधी पोटात एवढंच असतं.

मागच्या जानेवारीत घरी गेले तेव्हा दोन डबे नेले होते, एक दुकानाचा, एक आजींचा, कुठला कुठला ते न सांगता. आईने दोन्हीतलं एकेक खाल्लं, बराच वेळ चावत राहिली, आणि आजींच्या डब्यावर बोट ठेवलं. "हिच्या हाताला माप कळतं," म्हणाली. "पण गुलाबपाणी अजून अर्धा चमचा घाल म्हणावं." मी परत येऊन निरोप दिला. आजींनी वहीत तो अर्धा चमचा पेन्सिलने लिहून ठेवला आहे. यंदा पाच डिसेंबरच्या शनिवारी आम्ही पंधरा गोळे त्यांच्या मापाने करणार आणि पंधरा आईच्या.